पाणी सुटायच्या दिवशी घरात कोण थांबतं? (नोकरी, घर, पुण्याची ऑफर.. सल्ला हवाय)

लेजर_वडगाव | २० सप्टेंबर, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज जीएसटीचं महिन्याचं ३बी रिटर्न भरून झालं, पोरगा झोपलाय, म्हणून बसले. मोठं होणार आहे, सवडीनं वाचा.

मी बेळगावात वडगावला राहते, माहेर शहापूर. उद्यमबागेत एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, अकरा वर्षं झाली. कास्टिंग येतं, मशिनिंग होऊन बाहेर जातं, सगळी मिळून ऐंशी-पंच्याऐंशी माणसं असतील. जीएसटी आल्यापासनं माझा महिना म्हणजे ७ ला टीडीएस, ११ ला विक्रीचं आर-वन रिटर्न, २० ला ३बी आणि मधल्या दिवसांत बाकीचं सगळं. पोराचा वाढदिवस २० जुलैला येतो. सहा वाढदिवस झाले, त्यातल्या एकालाच मी दिवे लागायच्या आत घरी होते, तोही यंदा रविवार पडला म्हणून.

मिस्टर गोव्यात वेर्ण्याला कंपनीत. शनिवारी रात्री चोर्ला घाटातनं येतात, सोमवारी पहाटे चारला उठून परत. पावसाळ्यात घाटाचा रस्ता असा होतो की मग दोन आठवड्यांतनं एकदाच. सासरे नाहीत. घरात मी, पोरगा आणि सासूबाई, त्यांना मी आत्ती म्हणते.

आता विषय असा की मालकांनी चाकणला नवीन युनिट घेतलंय. तिथं अकाउंट्स पूर्ण तू सांभाळ म्हणून मला विचारलंय, पगार जवळजवळ दीडपट, दिवाळीपर्यंत सांग म्हणाले. आमच्या कारखान्यात आजवर बाईमाणसाला एवढी मोठी जागा कुणी दिली नव्हती, आणि मला ती हवी आहे हे मी इथं स्पष्टच लिहिते, कारण घरी एवढं स्पष्ट बोलायला जमलेलं नाही.

पहिले आठ दिवस मी आपली माझी आणि पोराचीच बेरीज वजाबाकी करत बसले. शाळा, भाडं, मिस्टर कुठं राहणार, असलं सगळं. मग मागच्या बुधवारी कारखान्यात लाईट गेली, ट्रान्सफॉर्मरचं काम निघालं, म्हणून दुपारी तीनलाच घरी आले. त्या दिवशी आमच्या गल्लीत पाणी आलेलं. आमच्याकडं चार-पाच दिवसांनी येतं, कधी पहाटे कधी भर दुपारी, वेळ ठरलेली नसते, म्हणून घरात कोणीतरी थांबायलाच लागतं. आत्ती पायरीवर बसलेल्या, एक हात गुडघ्यावर, शेजारी अर्धी भरलेली बिंदगी, आणि फोन स्पीकरवर लावून त्यांच्या बहिणीशी बोलत होत्या. त्यांचं माहेर चंदगड तालुक्यात. बहीण म्हणत होती औंदा तरी सुगीला ये गे. आणि ह्या म्हणाल्या, "कसं येऊ गे, पाणी कवा सुटंल सांगता येत न्हाई, पोरगं चारला साळंतनं येतंय, मी आलो तर घर कोण बघंल."

आवाजात तक्रार नव्हती हो. पाऊस आला म्हणावं तसं सहज बोलल्या. मी दारात चपला हातात धरून तशीच उभी राहिले.

पोरगा झाल्यापासनं त्या माहेरी एका रात्रीपेक्षा जास्त राहिलेल्या नाहीत. मी अकाउंटंट आहे, कुठली एन्ट्री कुठं जाते हे मला झोपेत उठवून विचारा, आणि ही एन्ट्री सहा वर्षं कुठल्याच खात्यात पडलेली नाही. लोक मला म्हणतात तू नोकरी आणि घर छान सांभाळतेस. मी कुठं सांभाळते? पाण्याच्या दिवशी मी कधीच घरात नसते.

आता मी ऑफर घेतली तर त्यांना पुण्याला न्यायचं का, इथं एकट्या ठेवायचं का, आणि त्यांना काय हवंय हे मी विचारायचं तरी कसं. ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी लिहा प्लीज.

---

चोर्ला_वारी | २१ सप्टेंबर, सकाळी ६:१५

ताई मीपण गोव्यात, फार्मा कंपनीत, नऊ वर्षं झाली, तुमच्या मिस्टरांसारखाच दर शनिवारी घाट चढतो. आपल्या भागातल्या पोरांचं हेच आहे, घर बेळगावात आणि नोकरी गोव्यात नाहीतर पुण्यात, इथं सरकारी नोकरीला कन्नड लिहिता वाचता यायला पाहिजे आणि आमच्या वेळी शाळेत कन्नड म्हणजे पास होण्यापुरतं केलेलं, मग प्रायव्हेटला जायचं तर पगार पुरत नाही, म्हणून बॅग भरायची.

तुमची पोस्ट वाचून मी आत्ता बायकोला फोन लावला आणि विचारलं आपल्याकडं पाणी कुठल्या दिवशी येतं. ती गप्पच झाली, मग म्हणाली आज आलंय, भरूनच बसले. मला नऊ वर्षांत हे माहीत नव्हतं. काय लिहू पुढं कळंना झालंय. ऑफर घ्या एवढं मात्र सांगतो, तुमच्या जागी मिस्टर असते तर विचारत बसले नसते, आम्ही कोणीच विचारलं नाही.

---

येळ्ळूर_गडाखाली | २१ सप्टेंबर, सकाळी ९:०२

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका वहिनी. पैसा मिळतो खरं घर पांगतं. माझा थोरला भाऊ पुण्यात गेला, तीन वर्षांनी आईला नेलं, चौथ्या मजल्यावर फ्लॅट. आईला तिथं कोण ओळखीचं नाही, भजन नाही, सकाळी दारात सडा घालायला अंगण नाही. दोन महिन्यांत आई निम्मी झाली, परत आणून सोडलं गावात तेव्हा परत जेवायला लागली. म्हातारं झाड उपटून दुसरीकडं लावलं की जगत नाही.

आणि पोरगा इथं मराठी शाळेत आहे ना? शिवाय इथं कन्नड पण शिकतोय. चोर्लावाले दादा म्हणतात तसं पुढं त्याचं इथं अडायला नको, तिकडं गेला की ते सुटणार. इथंच राहून पगार वाढवून मागा.

---

लेजर_वडगाव | २१ सप्टेंबर, दुपारी १:२०

राग कशाला दादा, तुमच्या आईचं वाचून पोटात कालवलं. मला हीच भीती आहे. पण एक सांगू का, आत्ती इथंही भजनाला जात नाहीत. पूर्वी जायच्या, विठ्ठल मंदिरात दर गुरुवारी. टाळ अजून देव्हाऱ्याच्या खाली फडक्यात गुंडाळून ठेवलेत. पोरगा झाला आणि ते बंद पडलं. म्हणजे झाड मी न हलवताच सुकवायला लागले होते. इथं राहणं म्हणजे त्यांच्यासाठी चांगलंच, असं आता मला ठामपणे म्हणता येत नाही.

---

निपाणीची_पोर | २१ सप्टेंबर, रात्री १०:३०

ताई तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझ्या आईचं सांगते.

माझी आई बिड्या वळायची. निपाणीत आमच्या गल्लीत घरटी एक तरी बाई वळायचीच. कारखान्यातनं पान आणि जर्दा घरी आणायचा, हजारावर मजुरी. हे घरून काम आम्ही लहानपणापासनं बघतोय, आता लोकांना नवीन वाटतंय. मांडीवर सूप, सुपात भिजवलेलं पान, पत्र्याच्या मापावर कात्रीनं पान कापायचं, चिमटीत जर्दा घालून वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. चुलीवर भात, पाठीवर धाकटा, आणि हात चालूच. मी शाळेतनं येऊन सांगायची, आई मला गणितात पैकीच्या पैकी पडले, आई हूं म्हणायची, मान वर नाही. मान वर केली की दोन बिड्या कमी. संध्याकाळी मोजून द्यायला गेलं की तिथला माणूस मूठभर काढून बाजूला टाकायचा, छाट म्हणून, त्याचे पैसे नाहीत.

लोक म्हणायचे हिचं बरं आहे, घरात बसून काम, पोरांकडं लक्ष राहतं. चोवीस तास घरात असायची ती, खरं आमच्या वाट्याला तिची पाठच आली. हे मी तिला दोष म्हणून नाही लिहीत. तिच्या त्या हजारावर मी नर्सिंग केलं. आज मी रात्रपाळी करून सकाळी घरी येते आणि अर्धा तास फोन लांब ठेवून पोरीसमोर नुसती बसते, ती काय बोलेल ते ऐकत. झोप डोळ्यात असते तरी बसते. अर्धाच तास असतो.

तेव्हा चाकण की वडगाव ह्यापेक्षा घरी असताना तुमची मान वर असते का ते बघा. आणि आत्तींना विचारा. पोस्टमध्ये विचारण्यापेक्षा पायरीवर जाऊन बसा त्यांच्याशेजारी.

---

कॅम्प_एचआर | २२ सप्टेंबर, सकाळी ११:१०

थोडं कायद्याचं लिहिते, माझं रोजचं काम आहे म्हणून. ताईंचा मुलगा मोठा झाला, पण इथं वाचणाऱ्या लहान मुलींना उपयोग होईल.

२०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आधी १२ होती. आणि पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय करायची असते, आईला दिवसातनं चार वेळा बाळाकडं जाता येतं. ताई, तुमच्याकडं ऐंशीच्या वर माणसं आहेत म्हणता, म्हणजे तुमच्या कारखान्याला हे लागू होतं. आपल्या भागात बऱ्याच ठिकाणी हे कोणी करत नाही कारण कोणी मागत नाही. मालक वाईट असतात म्हणून नाही, घरात आजी आहे हे सगळ्यांनी धरलेलंच असतं.

आणखी एक. केंद्र सरकार वेळेचा सर्व्हे करतं, माणूस दिवसभरात काय काय करतो त्याचा. २०२४ च्या सर्व्हेत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ८८. पाच वर्षांपूर्वी तो बायकांचा २९९ होता. पाच वर्षांत दहा मिनिटं कमी झाली, आणि पुरुषांची पण कमीच झाली, ९७ ची ८८. तुमच्या आत्तींची मिनिटं ह्या २८९ मध्ये आहेत. तुम्ही एन्ट्री म्हणालात ना, ती ही.

---

लेजर_वडगाव | २२ सप्टेंबर, दुपारी २:०५

मला २६ आठवडे मिळाले होते, पाळणाघराचं मात्र मी स्वतः पगारपत्रक करत असूनही कधी विचारलं नाही. रजा संपली त्या दिवशी सकाळी आत्तींनी बाळ माझ्या हातातनं घेतलं आणि "जा तू" म्हणाल्या, एवढंच. आता स्टोअरमध्ये एक मुलगी आहे, सातवा महिना चाललाय तिला. तिच्यासाठी तरी मी मालकांकडं हा विषय काढणार. हिशेब मीच ठेवते, आकडा कसा मांडायचा मला माहीत आहे.

---

टिळकवाडी_तिसरं_गेट | २२ सप्टेंबर, संध्याकाळी ७:४५

एवढा विचार कशाला, एक चांगली मावशी ठेवा दिवसभर, दीडपट पगार होतोय ना. पुण्यातही मिळतात. आत्तींना आराम, तुम्हाला पण.

---

शून्य_तिकीट | २२ सप्टेंबर, रात्री ९:५८

तिसऱ्या गेटवाल्यांसाठी लिहिते, भांडायला नाही.

माझी आई ती मावशी आहे. आमचं गाव शहरापासनं बारा-तेरा किलोमीटर, आई हिंदवाडीत स्वयंपाकाला जाते. आधी दोन घरं होती. जून २०२३ ला बायकांना बस फुकट झाली तेव्हापासनं तिकिटाचे पैसे वाचतात म्हणून आणि बस चुकली तरी पुढच्या बसला परत पैसे नकोत म्हणून तिसरं घर धरलं. सकाळी पावणेसातची बस, उभं राहायला जागा नसते, आई डबा पोटाशी धरून दारातल्या दांड्याला लटकते. दुसऱ्याच्या घरात आठ वाजता गरम भाकरी पडते ती अशी पडते.

धाकटी बहीण लहान होती तेव्हा तिला मी सांभाळलं. मी सातवीत होते. अंगणवाडी सुटली की तिला घेऊन यायचं म्हणून मी दुपारनंतर शाळेत नसायची. बाईंनी दोन वर्षं सांभाळून घेतलं, दहावीला मात्र गणित राहिलं ते राहिलंच, नंतर बाहेरनं बसून काढलं. आता आमच्या पंचायतीत कूसिन मने सुरू झालंय, रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांची सहा महिन्यांपासनं तीन वर्षांपर्यंतची बाळं तिथं ठेवून घेतात. तेव्हा असतं तर बरं झालं असतं असं मी बहिणीकडं बघून रोज म्हणते.

मावशी ठेवा ताई, जरूर ठेवा, आम्हाला काम पाहिजेच. फक्त तिला पहिल्या दिवशी विचारा की तुझं मूल कुठं असतं आणि त्याप्रमाणं वेळ ठरवा. माझ्या आईला इतक्या वर्षांत एकाच घरात हे विचारलं. त्या घराचं काम ती ताप असला तरी चुकवत नाही.

---

टिळकवाडी_तिसरं_गेट | २२ सप्टेंबर, रात्री १०:२०

मी लिहिताना एवढा विचार केला नव्हता. आमच्याकडं पण एक काकू येतात, सहा वर्षं झाली, त्यांना किती मुलं आहेत हे मला सांगता येणार नाही. उद्या विचारतो. धन्यवाद ताई.

---

जुना_मास्तर | २३ सप्टेंबर, पहाटे ५:३०

मी निवृत्त शिक्षक. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं जंगलातल्या एका मराठी शाळेत १९८४ साली माझी पहिली नेमणूक झाली. पावसात ओढा चढला की गाव तुटायचं, म्हणून तिथंच खोली घेऊन राहायचो, शनिवारी दुपारी शाळा सुटली की चालत, मग मिळेल त्या ट्रकनं घरी. अकरा वर्षं अशी काढली. गावानं मला फार मान दिला. बदली झाली तेव्हा पोरं ओढ्यापर्यंत रडत आली.

ही गोष्ट मी आजवर शंभर ठिकाणी सांगितली असेल. दुसरी सांगितलेली नाही ती आज लिहितो.

माझी पत्नीही शिक्षकाचा टीसीएच कोर्स झालेली होती. माझ्यापेक्षा तिला गुण जास्त. तिला नेमणुकीचं पत्र आलं होतं, बैलहोंगलकडची शाळा. घरात आई अंथरुणाला, दोन लहान मुलं, मी जंगलात. पत्र आलं त्या शनिवारी मी घरी आलो, तिनं पत्र दाखवलं, मी वाचलं आणि म्हणालो, बघू. त्यानंतर मी ते कधी बघितलंच नाही. तिनंही परत काढलं नाही. ती गेली त्याला आता चार वर्षं झाली. ट्रंक आवरताना ते पत्र सापडलं, सर्टिफिकेटच्या मागं, घडी तशीच. रुजू होण्याच्या तारखेखाली तिनं पेन्सिलीनं बारीक रेघ मारली होती.

मुली, तुझ्या मालकांनी तुला तारीख दिलेली आहे. घरात कोणी "बघू" म्हणालं तर कधी बघायचं ते तिथल्या तिथं विचारून घे.

---

निपाणीची_पोर | २३ सप्टेंबर, सकाळी ८:००

सर.. काय बोलू. नमस्कार करते तुम्हाला, आणि काकूंना.

---

बेंगळूरहून_परत | २३ सप्टेंबर, दुपारी १२:४०

मास्तरांचं वाचून ऑफिसचं काम बाजूला ठेवलं. माझं सांगतो, उपयोग होईल असं वाटतं.

मी बेंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये होतो, २०२० ला लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन अनगोळला घरी आलो आणि घरूनच काम चालू राहिलं. बायको इथं दवाखान्यात लॅबमध्ये, तिची ड्युटी सकाळी सातची. म्हणजे घरात दिवसभर मी. पहिल्या महिन्यात माझी आई दर तासाला म्हणायची तू बस, मी करतो. आईनं केलं, मी बसलो. मग आईचा हात मोडला, न्हाणीत पाय घसरून. सहा आठवडे प्लॅस्टर. त्या सहा आठवड्यांत मी घर शिकलो. कुकरच्या किती शिट्ट्या, पोरीच्या वेण्या, गॅस कधी लावायचा, सगळं.

पाण्याचं सांगतो कारण धागा त्याचाच आहे. आमच्या भागात पाणी सोडणारा जो माणूस आहे त्याचा नंबर मी घेतला, त्याला दर वेळी फोन करणं बरं दिसत नाही म्हणून गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. त्या टोकाच्या घरात पाणी आलं की ते टाकतात, आपल्याकडं वीस मिनिटांत येतं. पहिल्या दिवशी ग्रुपमध्ये बारा बायका आणि मी एकटा. आता सात पुरुष आहेत. त्यातला एक तर कारखान्यातनं गाडी काढून येतो, दहा मिनिटांत टाकी लावून परत जातो.

लोक बोलले. शेजारी एक काका आईला म्हणाले पोराची नोकरी गेली काय. आईला लागलं ते. पण प्लॅस्टर निघाल्यावर आई पहिल्यांदा कुठं गेली माहिती आहे? सौंदत्तीला, मैत्रिणींबरोबर, दोन दिवस. लग्नानंतर पहिल्यांदा घर माझ्यावर टाकून गेली. परत आली ती वेगळीच दिसत होती, तोंडावर भंडारा तसाच.

आता कंपनी परत बोलवायला लागली आहे, महिन्यातनं एक आठवडा या म्हणतात. वंदे भारत बेळगावपर्यंत आली म्हणून जमतं, पहाटे बसलो की दुपारी बेंगळूरला. त्या आठवड्यात बायकोनं दुपारची ड्युटी मागून घेतली आहे. तिला ती मिळायला तीन महिने लागले, चार अर्ज. तुम्ही पण मालकांना हो किंवा नाही एवढंच सांगू नका. महिन्यातला एक आठवडा चाकण, बाकी इथनं, असं काहीतरी लिहून द्या. अकरा वर्षं काम केलंय, तुमच्यासारखं माणूस त्यांना चाकणला शोधून मिळायचं नाही.

---

येळ्ळूर_गडाखाली | २३ सप्टेंबर, रात्री ८:१५

दादा तुमच्या गल्लीच्या ग्रुपचं आवडलं. आमच्यात विहीर आहे खरं सुगीत मळणीच्या दिवसांत असंच करता येईल काय बघतो, बायका पहाटे चारला उठून वीस माणसांचं जेवण करून परत शेतात येतात. हे मी आजवर बघत होतो, आज जरा नीट बघितलं.

---

लेजर_वडगाव | ५ ऑक्टोबर, रात्री ११:१५

सगळ्यांचं वाचलं, काहींचं तीन-तीनदा. निपाणीच्या ताईंनी सांगितलं तसं मी पायरीवर जाऊन बसले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. पाणी आलेलं, मिस्टर घरी होते म्हणून ते भरत होते, मी आणि आत्ती नुसत्या बसलेलो, असं आम्ही सहा वर्षांत बसलो नसू.

मी विचारलं, आत्ती तुम्हाला काय पाहिजे. त्या म्हणाल्या मला काय पाहिजे असणार, तुमचं बरं चाललंय. मी परत विचारलं. मग त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, आणि म्हणाल्या, "सुगी." मी म्हटलं सुगी म्हणजे? म्हणाल्या, "भात कापायला मला कोण बोलवत न्हाई आता, गुडघा न्हाई चालत माझा. खरं मळणीला बसून वारं देता येतंय. पहाटं खळ्यावर थंडी पडती, भाताचा वास येतो. बहीण हाय तवर जायचं. ती गेली मग माहेर कुठलं."

मी त्यांच्या फोनवर सगळं ऐकलं होतं हे त्यांना सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, लाजल्या. मला म्हणाल्या, "तू मनाला लावून घेऊ नको गे, तुझं शिक्षण वाया घालवायला मी बसलेलो न्हाई." मग पुण्याचं काढलं. म्हणाल्या येतो पुण्याला, पोराला सोडून राहवायचं न्हाई मला, खरं सुगीचा महिना आणि आषाढातले पंधरा दिवस मला सोडायचं, कोण आजारी पडलं तरी सोडायचं. हे त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं, त्यांच्यासमोर.

मिस्टर बिंदगी घेऊन आत-बाहेर करत ऐकत होते. रात्री म्हणाले, बघू आता कसं काय ते. मास्तर, तुमची आठवण झाली. मी विचारलं, कधी बघायचं? ते माझ्याकडं बघत राहिले. मग कॅलेंडर काढलं.

---

जुना_मास्तर | ६ ऑक्टोबर, पहाटे ५:४५

वाचलं. बरं वाटलं, मुली.

---

कॅम्प_एचआर | ६ ऑक्टोबर, दुपारी १:००

ताई, मालकांशी बोलणी तोंडी करू नका, मेलवर करा. चाकणला किती दिवस, इथनं किती, प्रवासाचा खर्च कोणाचा, पगार कधीपासून वाढणार, हे चारही लिहून घ्या.

---

लेजर_वडगाव | २३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

काय झालं ते सांगायचं राहून जात होतं.

मालकांनी अर्धं मान्य केलं. एप्रिलपर्यंत महिन्यातला एक आठवडा चाकण, बाकी इथनं. एप्रिलनंतर पूर्ण तिकडं यायचं का ते तेव्हा ठरवायचं, आणि दीडपट पगार पूर्ण गेल्यावरच, आत्ता थोडाच वाढवलाय. मला ते कमी वाटलं, तसं मी मेलमध्ये लिहिलं, अजून उत्तर नाही. पहिला आठवडा १२ तारखेपासनं करून आले, आर-वन भरून निघाले आणि ३बी च्या आधी परत. मिस्टरांनी चाकणच्या दोन कंपन्यांत अर्ज टाकलाय, अजून बोलावणं नाही. स्टोअरमधल्या मुलीची रजा नीट लागली. पाळणाघराचं मालक म्हणाले खर्च काढून दे, तो काढून दिलाय, टेबलावर आहे. दर सोमवारी मी आठवण करते.

आणि आत्ती गेल्या बुधवारी चंदगडला गेल्या, सुगीला. एक महिना. निघताना टाळ पण बरोबर घेतले. मिस्टरांनी पंधरा दिवसांची रजा काढलीय, आठ वर्षांत एवढी रजा पहिल्यांदा. पुढच्या पंधरवड्यासाठी शून्य तिकीटवाल्या ताईंचं लक्षात ठेवून शेजारच्या गल्लीतल्या एका बाईंना विचारलंय, त्यांची मुलगी चौथीत आहे, ती पण शाळा सुटल्यावर आमच्याकडंच येईल, माझ्या पोराबरोबर बसेल, दोघांना जेवण इथंच.

आज संध्याकाळी साडेसहाला पाणी आलं. मिस्टर टाकी लावून आत आले आणि तेवढ्यात आत्तींचा फोन, व्हिडिओ कॉल, भाचीनं लावून दिलेला. मागं खळं, कंदील, भाताची रास, आणि त्यांच्या केसांत सगळा भुसा. पोरगा ओरडला आजी तू पांढरी झालीस. त्या हसल्या, हसताना त्यांचा एक दात पडलाय हे मला आज दिसलं. मग लगेच मिस्टरांना म्हणाल्या, "पाणी आलं काय रे? तांब्याचा हंडा भरलास? देवाचं पाणी येगळं काढ. मागच्या न्हाणीतला ड्रम शेवटाला, आधी प्यायचं."

हंडा राहिला होता. नळ अजून चालू होता, मिस्टर बिंदगी घेऊन परत गेले.